देवदारांखालचं फूल ठाण्याच्या बाल्कनीत येईल का? (वनककडी आणि एक ऑनलाइन कंद)

हिरवाचाफा | ९ जून, रात्री १०:१२

मंडळी, मेअखेरीस आम्ही दोघं आणि माझा भाचा हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाऊन आलो. प्रवासवर्णन वेगळं टाकेन म्हणतेय, पण माझ्या म्हणण्यावर कुणी विसंबू नये. सध्या एकाच फुलाबद्दल विचारायचंय.

जलोडी जोतीच्या (म्हणजे खिंडीच्या) बाजूला रई आणि तोसचं दाट जंगल आहे. (स्प्रूस आणि फर यांची ही तिकडची नावं.) खाली ओली काळी माती, तिच्यावर वाळक्या सुयांचा थर, सावलीच्या घळीत अजून मळका बर्फ. त्याच्या कडेला जमिनीतून एक जाडसर, तुकतुकीत दांडा वर आलेला. टोकाला दोन पानं, अजून पुरती न उघडलेली, मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबलेली. त्यांच्यावर तपकिरी-जांभळट डाग. आणि त्यांच्या बेचक्यातून एकच फूल वर तोंड करून: सहा पाकळ्या, पांढऱ्यावर जेमतेम गुलाबी झाक, मध्ये पिवळे पुंकेसर. वाटाड्या म्हणाला, "बनककड़ी." हात लावू नका, असंही म्हणाला. फोटो खाली चढवलेत.

आता खरी गंमत. भाच्याने परतीच्या गाडीतच शोधलं, तर एका ऑनलाइन दुकानात "हिमालयन मेॲपल, जिवंत कंद, कुंडीसाठी उत्तम" असं विकायला आहे. बाराशेला एक. त्याने दोन कार्टात टाकून ठेवलेत आणि पैसे मावशीने भरायचेत.

आमची बाल्कनी घोडबंदर रोडला, सातव्या मजल्यावर, पूर्वेकडे. सकाळचं ऊन साडेदहापर्यंत. गोकर्ण, ब्रह्मकमळ, कढीपत्ता, सगळं नीट चाललंय. हे येईल का? माती कशी घ्यावी? जाणकारांनी सांगा.

---

माजिवडेकर | ९ जून, रात्री १०:४०

पहिला! फोटो झकास.

ही नागछत्री तर नव्हे? मागे चकराता भागात पाहिल्यासारखी वाटते. ती पण अशीच झाडाखाली एकटी उभी असते.

---

रानवेडा_येऊर | ९ जून, रात्री ११:२८

माजिवडेकर, नाही. नागछत्रीला एका फेरात तीन पानं असतात, फूल तपकिरी-जांभळं आणि पाकळ्या अरुंद. इथे पानं दोनच आणि ती खोलवर कापलेली, कडा दातेरी. ही वनककडीच. शास्त्रीय नाव पोडोफायलम हेक्झँड्रम. आता बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सायनोपोडोफायलम या वेगळ्या प्रजातीत धरतात. कुळ दारुहळदीचं. तिकडे रस्त्याच्या कडेला काटेरी पिवळ्या फुलांची कशमल दिसली असेल, ती हिची चुलत बहीण.

आणि दुकानदाराने लिहिलेलं नुसतं "मेॲपल" म्हणजे एरवी अमेरिकेतलं, पोडोफायलम पेल्टॅटम. त्याचं फूल पानांखाली मान घालून लटकतं आणि फळ पिकलं की पिवळं होतं. आपल्या हिमालयातलीचं फूल पानं उघडायच्या आधीच वर तोंड करून येतं आणि फळ लालभडक, कोंबडीच्या लहान अंड्याएवढं. काश्मिरीत तिला वनवांगुन म्हणतात, म्हणजे रानवांगं. कुणाला काकडी दिसली, कुणाला वांगं.

अफगाणिस्तानपासून हिमालयभर ते थेट चीनपर्यंत सापडते. उंची साधारण दोन हजार ते चार हजार मीटर. रई, तोस, कैल, खर्सू ओक, भूर्ज यांच्या सावलीत आणि वर जिथे झाडं संपून कुरणं लागतात त्या सीमेवर.

बाल्कनीबद्दल उद्या सविस्तर लिहितो. तोवर पैसे भरू नका.

---

वाशीवाला_बंड्या | १० जून, सकाळी ८:०५

येणार. का नाही येणार? माझ्या मेव्हण्याने वाशीत ट्यूलिप फुलवले. कंद दोन-अडीच महिने फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले, डिसेंबरात कुंडीत लावले, जानेवारीत फुलं. हिलाही तसंच करा.

वाटाड्या हात लावू नका म्हणाला ना, तेव्हा फ्रिजमधल्या मेथीबरोबर विष शिजवू नका म्हणजे झालं.

---

कोपरीची_आत्या | १० जून, सकाळी ९:३१

मस्त धागा. वाचतेय.

एक भाबडा प्रश्न. अलिबाग-काशीदकडे सुरूचं बन असतं, तिथे तर सुयाच सुया पडलेल्या असतात. तिथल्या मातीत नाही का जगणार?

---

रानवेडा_येऊर | १० जून, दुपारी १:५०

आत्या, प्रश्न भाबडा नाही, हा घोळ सगळीकडे आहे. सुरू हा सूचिपर्णी वृक्षच नव्हे. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या बाजूचा, सपुष्प वनस्पतींपैकी. त्या "सुया" म्हणजे पेरापेराच्या बारीक हिरव्या फांद्या, आणि पेरावर जे इवलेसे दाते दिसतात ती खरी पानं. एक काडी घेऊन पेर ओढा, कळेल. आपल्या महाराष्ट्राच्या रानात नैसर्गिक असा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही. सोसायटीच्या बागेतलं मोरपंखी तेवढं खरं सूचिपर्णी, पण तेही लावलेलं.

आता मुद्द्याचं.

वनककडीचं वर्ष असं असतं. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळला की कंदातून दांडा वर येतो. मे-जूनमध्ये फूल. पानं मग उघडतात, मोठी होतात आणि फळ त्यांच्याखाली झाकलं जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात फळ लाल. थंडीची चाहूल लागली की वरचं सगळं पिवळं पडून गळतं आणि पुढचे पाच-सहा महिने झाड म्हणजे जमिनीतला एक आडवा, गाठाळ कंद. वर बर्फ. बर्फाखालची माती शून्याच्या आसपासच राहते, फार खाली जात नाही, कारण बर्फ पांघरुणाचं काम करतो. त्या लांब थंडीत कंदातल्या कोंबाची झोप मोडायची तयारी होते. ती थंडी मिळाली नाही तर कोंब एक तर उठत नाही, नाहीतर अर्धवट उठतो.

ठाण्याची जानेवारीची पहाट फार तर १५-१६ अंश. येऊर चढून वर गेलात तरी उपयोग नाही. आख्ख्या संजय गांधी नॅशनल पार्कातलं सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, ४६८ मीटर.

बंड्या, ट्यूलिपचं उदाहरण बरोबर आहे, पण ते इथे लागू नाही. ट्यूलिपचा कांदा दुकानात येतो तेव्हा पुढच्या फुलाची कळी आत तयार असते आणि लागणारी शिदोरीही. आपण फक्त थंडी देऊन ती बाहेर काढतो. मेव्हण्याला विचारा, तोच कांदा दुसऱ्या वर्षी फुलला का?

वनककडीचंही समजा फ्रिजने जमलं, पुढे? तिला वाढीचा काळही गारच लागतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दीडलाही २८ अंश असतात. अशा गरम रात्री झाड दिवसा कमावलेलं श्वसनातच उडवून टाकतं, कंदात साठा होत नाही. त्यात ओली गरम माती, म्हणजे बुरशीला आमंत्रण.

---

वाशीवाला_बंड्या | १० जून, दुपारी २:१५

मेव्हणा म्हणतो दुसऱ्या वर्षी नुसती पानं आली, तीही रुसल्यासारखी. दर वर्षी नवे कांदे आणतो.

पण एसी आहे की. बेडरूममध्ये ठेवा, १६ वर लावा.

---

हिरवाचाफा | १० जून, दुपारी २:४०

बंड्या, नवरा २६ च्या खाली जाऊ देत नाही. फुलासाठी तर नाहीच नाही.

रानवेडादा, बी पेरलं तर? बी इथल्याच हवेत उगवलं तर त्याला इथली सवय होईल ना? भाच्याची थिअरी आहे.

---

रानवेडा_येऊर | १० जून, रात्री ९:०२

भाच्याला म्हणावं, विचार छान, पण सवय एका जन्मात लागत नाही.

बियाचं प्रकरण तर आणखी रडकं. बी मुळात सुप्तावस्थेत असतं, त्याला गारठ्याची पाळी लागते. उगवलं तरी पहिल्या वर्षी फक्त दोन बीजपत्रं दिसतात. त्यांचे देठ एकमेकांना चिकटून नळी झालेली असते, आणि खरा कोंब तिच्या तळाशी मातीत अडकून बसतो. पहिलं खरं पान बहुधा दुसऱ्या वर्षी. जिबरेलिक आम्ल (झाडांचं एक संप्रेरक) वापरून हा वेळ कमी करायचे प्रयोग हिमाचल-गढवालकडच्या संशोधकांनी केलेत, पालमपूरच्या आयएचबीटी या संशोधन संस्थेत त्यावर काम झालंय. फूल यायला त्यानंतरही काही वर्षं जातात.

हे एवढं अशासाठी लिहितोय की बाराशेच्या त्या कंदाचा हिशोब लागावा. जे झाड बियापासून फुलापर्यंत यायला इतकी वर्षं घेतं, ते कोण सावकाश वाढवून बाराशेला विकेल? लागवड होते, नाही असं नाही, पण थोडी आणि तिकडेच, बहुतेक कंदाचे तुकडे लावून. ऑनलाइन "जिवंत कंद" म्हणून जे येतं ते रानातून उपटलेलं असण्याचीच शक्यता जास्त. यात फळ तोडून झाड राखता येत नाही. कंद काढला की झाड गेलं.

---

माजिवडेकर | १० जून, रात्री ९:२०

रानवेडाशी सहमत. +१

पण विक्रीवर बंदी असेल ना? इतकं उघड कसं विकतात?

---

फार्मा_तुर्भे | १० जून, रात्री ११:४७

एवढा वेळ नुसता वाचत होतो. आता आमच्या धंद्याची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. तुर्भ्याला औषधांच्या कच्च्या मालाच्या खरेदीत आयुष्य गेलं माझं.

कायद्याचं आधी. वनककडी १९९० पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण. रानातून काढलेल्या ज्या २९ वनस्पतींच्या निर्यातीवर आपल्या सरकारने बंदी घातली, त्या यादीतही ती आहे. राष्ट्रीय उद्यानात तर पान तोडणं हाही गुन्हा. तीर्थन खोऱ्याला लागूनच ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, २०१४ पासून जागतिक वारसा. उघड विकतात कारण पार्सलवर "शोभेचं झाड" लिहिलेलं असतं आणि उघडून बघणाऱ्याला कंद आणि आलं यातला फरक कळत नाही.

मागणी का, ते महत्त्वाचं. कंदातल्या राळेला पोडोफायलिन म्हणतात. पूर्वी विलायती औषधांत ती जालीम रेचक म्हणून होती. १९४२ मध्ये ती गुप्तांगावरच्या चामखिळींवर लावून गुण येतो असं प्रसिद्ध झालं. त्यातला मुख्य घटक पोडोफायलोटॉक्सिन. अमेरिकन भावंडापेक्षा आपल्या हिमालयातल्या वनककडीत तो कितीतरी जास्त असतो, म्हणून सगळ्यांचा डोळा हिच्यावर.

त्याच्यावर रासायनिक संस्कार करून १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत दोन औषधं तयार झाली, इटोपोसाइड आणि टेनिपोसाइड. इटोपोसाइडला अमेरिकेत १९८३ मध्ये मंजुरी मिळाली. आज फुफ्फुसाचा एक प्रकारचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, लिम्फोमा यांच्या उपचारात ते नेहमीचं आहे. हिरवाचाफाताई, तुम्ही ज्याचा फोटो काढलात, त्याच्या मुळाशी ही सगळी भानगड आहे.

---

अश्विनी_नेरूळ | ११ जून, सकाळी ७:१८

फार्माकाका, अंगावर काटा आला. माझ्या दिराची किमो खारघरला ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचं कॅन्सर केंद्र) झाली. कागदावर तीन नावं असायची, त्यातलं मधलं इटोपोसाइड. बाटलीवर पिवळसर कागद गुंडाळलेला, ठिबकत तासभर चालायचं. नर्सबाईंना विचारलं होतं हे कशापासून बनतं, त्या म्हणाल्या, "ताई, कंपनीत." बरोबरच होतं म्हणा.

दीर आता ठणठणीत आहे. मॉलमध्ये पार्किंगवरून भांडतो.

हे औषध पेशींवर नेमकं काय करतं? जरा इस्कटून सांगा ना, त्या काळात विचारायचं भान नव्हतं.

---

फार्मा_तुर्भे | ११ जून, दुपारी १२:३०

वाचून बरं वाटलं, अश्विनी. भांडू दे त्याला.

पेशी दुभंगते तेव्हा तिला दोन कामं उरकायची असतात. गुणसूत्रांच्या दोन प्रती दोन टोकांना ओढायच्या, आणि त्याआधी डीएनएचा गुंता सोडवायचा.

ओढायचं काम सूक्ष्म नळ्या करतात. त्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे एकाला एक जोडून बनतात. कंदातलं मूळ पोडोफायलोटॉक्सिन त्या तुकड्यांना चिकटून बसतं, नळी उभीच राहत नाही, पेशी अर्ध्यावर अडकते. चामखीळ यानेच झडते. पण पोटात घेतलं तर निरोगी पेशींनाही तोच न्याय, म्हणून ते विष.

गुंता सोडवायचं काम टोपोआयसोमरेज-२ हे विकर (एन्झाइम) करतं. डीएनएचे दोन्ही धागे कापायचे, त्या फटीतून दुसरा भाग काढायचा, परत सांधायचं. इटोपोसाइड ट्यूब्युलिनला हात लावत नाही. ते या विकराला कापू देतं, पण सांधू देत नाही. तुटलेली टोकं साचत जातात आणि भराभर वाढणारी पेशी मरते. रेणूला जरासा धक्का दिला आणि त्याचं लक्ष्यच बदललं. सँडोझवाल्यांनाही हे औषध बनवल्यानंतरच उमगलं.

अजून एक. ज्या जंगलात हे फूल दिसलं तिथेच रखालची झाडं असतील, गढवालकडे थुनेर म्हणतात. ते यू झाड, सूचिपर्णीच. त्याच्या जातभाईच्या, अमेरिकेतल्या पॅसिफिक यूच्या सालीतून टॅक्सॉल निघालं. ते पण ट्यूब्युलिनवरच, पण उलट्या बाजूने: नळ्या मोडूच देत नाही. एकाच रानाच्या सावलीत दोन किमो उगवतात, आणि दोन्ही झाडं त्याच पायी ओरबाडली गेली.

---

वैद्य_नौपाडा | ११ जून, सायंकाळी ६:१०

एक सूचना वैद्य म्हणून. संस्कृतात हिला गिरिपर्पट म्हटलेलं आढळतं. ते नाव वाचून कुणी "पर्पट म्हणजे पित्तपापडा, आपण तापात देतो तोच" असं समजू नये. पित्तपापडा पूर्ण वेगळी वनस्पती. वनककडीचा कंद घरी उगाळून, काढा करून घेण्याची वस्तू नाही. उलट्या, जुलाब, आणि पुढे हातापायाच्या नसा बधिर होण्यापर्यंत जातं. पिकल्या फळाचा गर तिकडचे मेंढपाळ आणि मुलं खातात हे खरं आहे, पण कच्चं फळ, पान, कंद सगळं विषारी.

अलीकडे मोबाइलवर "कॅन्सरवर हिमालयातली जडी" असे निरोप फिरतात. त्यांच्या पोटात कधीकधी हीच असते. इटोपोसाइड उपयोगी आहे म्हणून कंद उपयोगी, हा तर्क जीव घेणारा आहे. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तर तिथल्या तिथे थांबवा.

---

कोपरीची_आत्या | ११ जून, सायंकाळी ७:४४

वैद्यबुवा, आमच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यातच आला होता. आज जाऊन उत्तर लिहिलं. ज्याने टाकला त्याने मला हात जोडल्याचं चित्र पाठवलंय, त्याचा अर्थ काय लावायचा ते देव जाणे.

फार्माभाऊ, मग रानातून न उपटता औषध बनत नाही का? प्रयोगशाळेत?

---

फार्मा_तुर्भे | ११ जून, रात्री १०:०५

रेणूच्या रचनेला वेढे फार. प्रयोगशाळेत शून्यापासून बांधता येतो, पण परवडत नाही. म्हणून कंदच.

एक वाट मात्र निघालीय. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ सॅटेली आणि वॉरन लाऊ यांनी वनककडीचं पान जखमी करून पाहिलं. जखम झाली की झाड विष बनवायला घेतं, मग त्या वेळी कोणती जनुकं जागी होतात ते त्यांनी टिपलं. त्यातून साखळीतली न सापडलेली सहा विकरं मिळाली. ती सगळी जनुकं तंबाखूच्या एका रानटी जातभाईत घातल्यावर त्याच्या पानांनी इटोपोसाइडचा गाभा तयार केला. कारखान्यापर्यंत यायला अशा गोष्टींना वेळ लागतो, पण खरेदीखात्यातला माणूस म्हणून मला यापेक्षा गोड बातमी नाही. कंदाचा ट्रक अडकला की आमचं आख्खं वेळापत्रक बोंबलायचं.

---

वाशीवाला_बंड्या | ११ जून, रात्री १०:३१

तंबाखूने कॅन्सर आणि तंबाखूनेच औषध. माझ्या बापाला हे सांगायची सोय नाही, चुना मळत म्हणेल, "बघ, मी सांगत नव्हतो?"

---

रानवेडा_येऊर | १२ जून, सकाळी ६:५५

फार्माकाका, तुम्ही ट्यूब्युलिन म्हणालात आणि मला रात्री झोप लागेना.

कारण आपल्या येऊरला हाच डाव खेळणारं फूल आहे. कळलावी. गौरीला वाहतो ती, पाकळ्या मागे वळलेल्या, खाली पिवळ्या वर लाल, वाघनखीही म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, आणि कोल्चिसिन ट्यूब्युलिनवर जिथे चिकटतं नेमकं तिथेच पोडोफायलोटॉक्सिन चिकटतं. शास्त्रज्ञ त्या जागेला कोल्चिसिनचीच जागा म्हणतात. एक तीन हजार मीटरवर बर्फाखाली, दुसरी आपल्या उपवनच्या मागच्या डोंगरात. कुळं वेगळी, नातं शून्य, आणि दोघींनी खाणाऱ्याला धडा शिकवायला कुलूप एकच निवडलं. गाउटवर, म्हणजे वातरक्तावर, डॉक्टर कोल्चिसिनच्या अगदी बारीक गोळ्या देतात. मात्रा थोडी चुकली तरी भारी पडतं.

जगण्याची तऱ्हाही तीच, फक्त उलटी. वनककडी थंडीभर झोपते, कळलावी उन्हाळाभर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेल वाळून जाते, आणि मेपर्यंत जमिनीत फक्त कंद. पहिला पाऊस पडला की कोंब. परवाच पाटोणापाड्याकडे गेलो होतो, झुडपांच्या बुडाशी बोटभर वर आलेत. पानाचं टोक आत्तापासूनच वळून आकडा बनायला लागलंय, त्यानेच ती शेजारच्या झुडपाला धरून चढते. जुलै-ऑगस्टात फुलं.

हिरवाचाफाताई, तुमच्या बाल्कनीला हवं ते हेच. नर्सरीत लागवडीचा कंद मिळतो, रानातून आणू नका, येऊर नॅशनल पार्कातच येतं, तिथलाही कायदा तोच. कंद नांगराच्या फाळासारखा दुबेळका असतो, टोकं फार ठिसूळ आणि कोंब टोकालाच, तेव्हा लावताना मोडू देऊ नका. चढायला दोरी, पाण्याचा निचरा नीट. दिवाळीनंतर वेल वाळली की पाणी पूर्ण बंद आणि कुंडी सावलीत, जूनपर्यंत विसरून जायची. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर मात्र लावूच नका.

---

अश्विनी_नेरूळ | १२ जून, सकाळी ९:१२

कळलावी अंगणात लावली की घरात भांडणं होतात म्हणतात ना? सासूबाई लावू देत नाहीत.

---

कोपरीची_आत्या | १२ जून, सकाळी ९:२०

आमच्याकडे न लावताही होतात.

---

माजिवडेकर | १२ जून, सकाळी ११:०३

रानवेडा, पानाआधी फूल हा प्रकार तर आपल्या शेवळांचा! जांभळी नाक्यावर पाड्यांवरच्या बायका जुड्या घेऊन बसतात ते आत्ता जूनमध्येच. आम्ही खातो तो फुलोरा, पान मागाहून येतं आणि तेव्हा कुणी विचारत नाही. हाही कंदवालाच.

---

रानवेडा_येऊर | १२ जून, सकाळी ११:३०

अगदी. शेवळं ही सुरणाची रानातली बहीण. जमिनीखालच्या शिदोरीवर आधी फुलोरा उरकून घ्यायचा, पान मग सावकाश. वनककडीचा पण हंगाम लहान, म्हणून बर्फ हटताच ती पहिलं काम फुलाचं करते. शेवळाची घाई वेगळ्या कारणाने असेल, पण पहिल्या पावसाला तीही ताटकळत बसत नाही.

फरक एवढाच की शेवळं खुडताना कंद जमिनीत राहतो. पाड्यावरच्या आजीबाई बुडाशी हात घालून फक्त दांडा मोडतात, कुदळ नेत नाहीत. म्हणून पुढच्या जूनला परत तिथेच मिळतात.

---

हिरवाचाफा | १२ जून, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला आख्खा धागा वाचायला लावला. कार्ट रिकामं झालं. त्याने त्या दुकानाला "कंद कुठून आणता?" असं विचारलं, तर उत्तर आलं, "सर, डायरेक्ट फ्रॉम हिमालया." त्याचा स्क्रीनशॉट आणि दुकानाची लिंक वनखात्याच्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवलीय. काही झालं तर इथे कळवेन.

आणि रानवेडादांच्या सांगण्यावरून फोटोतून जागेचा नकाशाबिंदू काढून टाकलाय, नुसतं "हिमाचल" ठेवलं. तुम्हीही तिकडचे फोटो टाकताना तेवढं बघा.

कळलावीचा कंद कुठल्या नर्सरीत मिळेल? घरात मूल-मांजर काही नाही, नवरा आहे, तो पानं खात नाही.

अवांतर: माजिवडेकरांमुळे आज जांभळी नाक्यावरून शेवळाच्या दोन जुड्या आणल्या. आयुष्यात पहिल्यांदा करतेय. काकडं (शेवळात घालायची ती आंबट रानफळं) संपली होती. आता?

---

रानवेडा_येऊर | १२ जून, रात्री ९:०५

नर्सरीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

कोपरीची_आत्या | १२ जून, रात्री ९:१५

अगं थांब, चिरू नकोस अजून. हाताला तेल लाव. बाहेरची पानासारखी सालपटं काढ, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग कापून फेकून दे, खाज जास्त त्यातच. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परत. काकडं नाहीत तर चिंचेचा दाट कोळ घाल, हात आखडू नकोस, आणि आंबट घातल्यावर नीट शिजू दे. मग वाटण, मग कोलंबी किंवा वाल. मीठ चाखायला घाईने तोंडात घालशील तर घसा धरेल, पुरतं शिजेपर्यंत धीर धर.

---

वाशीवाला_बंड्या | १२ जून, रात्री ९:१८

हिमालयातून निघालेला धागा कोलंबीवर आला. संपादकांनी पाककृती विभागात हलवावा ही विनंती. आणि आत्या, कोलंबी किती घ्यायची, दोन जुड्यांना?

---

कोपरीची_आत्या | १२ जून, रात्री ९:२६

पाव किलो सोललेली. तू येणार असशील तर अर्धा.